दारावरचा कागद काढा : आरोग्य खात्याच्या साहेबांना एका प्लास्टरवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
आमच्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयाचा कारभार जिथून हलतो तिथले सर्व वरिष्ठ अधिकारी,
आणि दर पाच वर्षांनी आमच्या ओट्यावर चहा घ्यायला येणारे सर्व पक्षांचे लोकप्रतिनिधी.

विषय : अस्थिरोग शस्त्रक्रिया पुढील आदेशापर्यंत बंद ठेवण्याबाबत.

महोदय,

वरची विषयाची ओळ तुमच्याच कागदावरून उतरवून घेतली आहे. तो कागद आमच्या रुग्णालयात ऑपरेशन थिएटरच्या दारावर चिकटपट्टीने लावलाय. शिक्का आहे, सहीसाठी जागा सोडली आहे, सही मात्र नाही. मजकूर दोन ओळींचा. हाडांच्या शस्त्रक्रिया पुढील आदेशापर्यंत बंद आहेत, रुग्णांनी नाशिक येथे जावे. ‘जावे’ या शब्दापाशी मी बराच वेळ उभा राहिलो. ज्याचं मांडीचं हाड मोडलंय त्याला जावे म्हणायचं, म्हणजे कसं जावे?

मी डॉक्टर नाही. ड्रेसर म्हणून नोकरीला लागलो, एका जुन्या सर्जनांनी हाताला धरून प्लास्टर शिकवलं आणि पुढची २९ वर्षं जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या सरकारी रुग्णालयांत तेच केलं. कच्चं प्लास्टर, पक्कं प्लास्टर, ट्रॅक्शन म्हणजे मोडलेल्या पायाला वजनाचा ताण लावणं, ओटीत म्हणजे ऑपरेशन थिएटरात पाय धरून उभं राहणं. चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो. बाजारात अजूनही कुणीतरी मनगट पुढे करून विचारतं, ‘भाऊ, हे बसलंय का नीट?’ तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की चौकशी लागते, आणि आमच्याकडची चौकशी रात्रपाळीच्या सिस्टरपाशी सुरू होऊन तिथेच संपते. एवढंच सांगतो, की आमच्यापासून नाशिक ८० किलोमीटर आहे, मध्ये घाट आहे, आणि पावसाळ्यात अडीच तास लागले तर ड्रायव्हरचे आभार मानायचे.

आमच्याकडे काय होतं ते आधी सांगतो, कारण वरच्या कार्यालयात ते कुणाला माहीत असेल असं वाटत नाही. आमच्याकडे मंगळवार होता. दर मंगळवारी हाडांचे डॉक्टर यायचे, भूल देणारे डॉक्टर यायचे आणि तीन-चार केसेस व्हायच्या. मनगटाला तारा, हाताला प्लेट-स्क्रू, नडगीत रॉड. फार मोठं काही नाही. सांधा बदलणं, मणका, कंबरेचं मोडलेलं कडं, हे सगळं नाशिकला किंवा मुंबईलाच जायचं आणि ते बरोबरच होतं. पण रोजच्या मोडतोडीचं निम्मं-अधिक काम इथेच उरकत होतं. सी-आर्म यंत्र होतं. इंग्रजी सी अक्षरासारखा त्याचा दांडा टेबलाला वळसा घालून उभा राहतो आणि पडद्यावर हाड चालू चित्रासारखं दिसतं. त्यामुळे मांस फारसं न उघडता छोट्या छेदातून रॉड आत सरकवता येतो आणि त्याच्या टोकाच्या भोकात स्क्रू नेमका बसतो. नंतर डॉक्टर प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे गेले. यंत्र चालवणाऱ्या मुलाचं कंत्राट संपलं, ते पुढे वाढलं नाही. आता सी-आर्मवर हिरवी चादर आहे. परवा गेलो तर तिच्यावर कुणीतरी दिवाळीच्या माळांचं खोकं ठेवलं होतं.

आता माझा स्वतःचा संबंध. माझी थोरली बहीण, सगळं गाव तिला अक्का म्हणतं, वय ७१. श्रावणात गोठ्यातून शेणाची पाटी घेऊन येताना अंगणातल्या शेवाळावरून पाय सरकला. मी पोचलो तेव्हा दारातूनच दिसलं. डावा पाय बोटभर आखूड, पाऊल बाहेरच्या अंगाला कललेलं. खुबा गेला. एवढं कळायला एक्स-रे लागत नाही. एक्स-रे लागतो तो नेमकं कुठे मोडलं ते बघायला, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. हाडाच्या गोळ्याखाली जी मान असते तिथे मोडलं, तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याची भीती असते, आणि म्हाताऱ्या माणसात बहुतेक वेळा गोळाच बदलावा लागतो. त्याच्या खाली, मांडीच्या उंचवट्यापाशी मोडलं तर रक्त शाबूत असतं. मग आतून रॉड किंवा स्क्रू-प्लेट टाकून हाड जोडतात. दोन बोटांच्या अंतरात सगळं ऑपरेशन बदलतं.

वार शुक्रवार, दुपारचे साडेचार. अक्काचं एकच पालुपद, ‘गुडघ्यात कळ मारतेय.’ ड्युटीवरच्या नव्या डॉक्टरने गुडघ्याचा एक्स-रे लिहिला. खुब्याचं दुखणं गुडघ्यात उतरतं, हे त्याने पुस्तकात वाचलेलं असणारच, पण पुस्तकातल्या म्हातारीने त्याला असं घट्ट मनगट धरून गुडघा दाखवला नव्हता. मोडलेल्या हाडाच्या वरचा आणि खालचा सांधा फोटोत आला पाहिजे, आणि फोटो समोरून एक, बाजूने एक असे दोन पाहिजेत, हे मला माझ्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. मी म्हटलं, ‘डॉक्टरसाहेब, खुब्याचाही काढा.’ पोरगा चांगला, ऐकलं त्याने. पण तोवर पाच वाजले होते, एक्स-रेवाला घरी गेला होता आणि तो एकदम सोमवारी उगवणार होता.

सहा वाजता रेफरचा कागद हातात पडला. १०८ आली. रात्री दहाला नाशिक. शनिवार-रविवार यादीवरचं ऑपरेशन नाही. सोमवारी भूल सोसेल का याच्या फिटनेससाठी फिजिशियन, मग हृदयाची सोनोग्राफी. मंगळवारी सरकारी जनआरोग्य योजनेची मंजुरी, आधारवर एक आडनाव आणि रेशनकार्डावर दुसरं. बुधवारी रॉड आला, पण लांबी चुकीची. गुरुवारी ऑपरेशन झालं. छान झालं. ज्यांनी केलं त्यांच्या हाताला मी नावं ठेवणार नाही.

पण मधल्या सहा रात्री मी तिच्या उशाशी होतो. तिसऱ्या रात्री अक्काने मला ओळखलं नाही. ‘तांबडी सुटलीय, धर तिला,’ असं ओरडत ती कॉटवरून उठायला बघत होती. चौथ्या दिवशी माकडहाडावर लाल चट्टा आला, ऑपरेशनपर्यंत त्याची जखम झाली. खुबा जोडला गेला आणि जखम भरायला तीन महिने लागले. आज ती वॉकर घेऊन ओसरीपर्यंत येते. गोठा तिने त्यानंतर पाहिला नाही.

ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की खुबा मोडलेल्या माणसाचं ऑपरेशन दाखल झाल्याच्या दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी व्हावं. लगेच म्हणाल, ब्रिटनचं इथे काय? तर २०२० मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १७ देशांतली ६९ रुग्णालयं, जवळजवळ तीन हजार रुग्ण, आणि त्या देशांत भारतही होता. निम्म्या रुग्णांची ऑपरेशनं साधारण सहा तासांत केली, निम्म्यांची नेहमीच्या वेळेने. मरणाऱ्यांच्या संख्येत फरक पडला नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण ज्यांचं लवकर झालं त्यांना भ्रम कमी झाला, ते लवकर उभे राहिले, लवकर घरी गेले. आणि त्या अभ्यासात नेहमीची वेळ म्हणजे किती? साधारण २४ तास. अक्काला सहा दिवस लागले, आणि वॉर्डात आजूबाजूचे लोक म्हणत होते, तुमचं लवकर झालं.

आता तक्रारी. क्रम महत्त्वाप्रमाणे नाही, डोक्यात येतील तशा लिहितोय.

पहिली तक्रार रेफरच्या कागदाची. पेशंट पुढे पाठवण्याला माझी ना नाही. जे इथे होत नाही ते पाठवलंच पाहिजे. पण आमच्याकडे कागद फाडला की काम झालं, असा समज रुजलाय. अक्काच्या कागदावर इतकंच होतं : डाव्या खुब्याचं फ्रॅक्चर, मग प्रश्नचिन्ह, पुढील उपचारासाठी हायर सेंटर. किती वाजता पडली, वेदनेचं काय दिलं, पावलाची नाडी लागते का, बोटं हलतात का, आधीची कोणती औषधं चालू, नाशिकला कुणाशी बोलणं झालं, यातलं एक अक्षर नाही. मांडीच्या वर एक इंजेक्शन देऊन खुब्याकडची कळ बधिर करता येते. ते शिकलेला डॉक्टर असेल तर घाटातला प्रवास निम्मा सोपा होतो. अक्काला मिळाली ती डायक्लोची, म्हणजे साध्या वेदनाशामकाची, एक सुई. नाशिकला पोचल्यावर सगळं पुन्हा पहिल्यापासून. नाव काय, गाव काय, कशी पडली.

दुसरी तक्रार उघड्या हाडाची, आणि इथे मला जास्त जागा लागेल. आमच्याकडची पोरं दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या कामाला जातात. खरड छाटणीला, गोडी छाटणीला, थिनिंगला, तोडीला. पिकअपमध्ये उभी, पंचवीस-तीस जण. नाहीतर एका मोटरसायकलवर तिघं, आणि हेल्मेट टाकीवर. असाच एक बावीस वर्षांचा मुलगा आला. नडगीचं हाड कातडीबाहेर, जखमेत माती आणि वर कुणीतरी दाबून भरलेली हळद. अशा जखमेत पहिल्या तासात जंतुनाशक इंजेक्शन शिरेतून गेलं पाहिजे. कारण उघड्या हाडात जंतू एकदा ठाण मांडून बसले की ते हाड वर्षानुवर्षं गळत राहतं. पुवाची धार, बारीक हाडांचे तुकडे, पुन्हा ऑपरेशन, पुन्हा ऑपरेशन. जखम धुणं, मेलेलं मांस कापणं, बाहेरून सळ्यांची चौकट लावणं ही कामं ओटीची, ती नाशिकला काही तासांनी झाली तर चालतात. इंजेक्शन मात्र थांबत नाही. ते आमच्याच कपाटात होतं. दिलं नाही. का, तर ‘नाशिकला देतीलच ना.’ त्याला जंतुनाशकाची पहिली बाटली लागली तेव्हा पडून साडेपाच तास झाले होते. पाय वाचला, पण त्यातून अजून पाणी येतं. त्याची बायको आता एकटी छाटणीला जाते.

तिसरी. लोक हाडवैद्याकडे जातात म्हणून तुमच्या बैठकांत आमची अक्कल काढली जाते. मी स्वतः हाडवैद्याने बिघडवलेला पेशंटचा हात कापून टाकताना पाहिलेला माणूस आहे, त्यामुळे मला कुणी त्यांचा वकील समजू नये. जांभळाच्या झाडावरून पडलेलं सात वर्षांचं पोर, कोपराच्या वरचं हाड मोडलेलं. लहान मुलांत ही मोड फार होते आणि फार फसवी असते, कारण हाताची मोठी रक्तवाहिनी तिथून अगदी खेटून जाते. बांबूच्या कामट्या आणि कपडा करकचून आवळलेला. तीन दिवसांनी आणलं तेव्हा बोटं पांढरी पडली होती, आणि बोट सरळ करायला गेलं की पोर किंचाळायचं. ते किंचाळणं म्हणजे आतलं मांस रक्तावाचून मरत असल्याची खूण. सहा-आठ तासांत बांधलेलं सोडून, गरज पडली तर कातडी आणि आतलं वेष्टण उभं कापून दाब मोकळा केला तर हात वाचतो. तीन दिवसांनी उरतो तो आखडलेला पंजा. त्या मुलाला आज मिसरूड फुटलंय, पण त्या हाताने त्याला ग्लास धरता येत नाही.

त्याच्या बापाला मी तेव्हा फाडफाड बोललो. तो शांतपणे म्हणाला, ‘आम्ही आधी दवाखान्यातच आलो होतो. फोटोवाला नव्हता. नाशिकला जा म्हणाले. गाडीला पैसे नव्हते. वैद्यबाबा रात्री दोन वाजता उठला.’ यावर मला काही बोलता आलं नाही. साहेब, हाडवैद्य रात्री दोन वाजता उठतो. तुम्हाला त्याच्याशी स्पर्धा करायची असेल, तर ती तिथपासून सुरू होते.

चौथी गोष्ट म्हटली तर लहान. मांडीचं हाड मोडलं की आतल्या आत लीटर-दीड लीटर रक्त जाऊ शकतं, बाहेर थेंब दिसत नाही. अशा पायाला ताण देऊन बांधायला थॉमस स्प्लिंट नावाची वस्तू असते. मांडीच्या मुळाशी एक कडं आणि दोन्ही बाजूंना लोखंडी दांड्या. ह्यू ओवेन थॉमस नावाच्या वेल्समध्ये जन्मलेल्या डॉक्टरने ती एकोणिसाव्या शतकात काढली. ते स्वतः हाडवैद्यांच्या घराण्यातले, बरं का. पहिल्या महायुद्धात मांडी मोडलेले सैनिक माशांसारखे मरत होते, दहातले आठ असं सांगतात. ही स्प्लिंट जखमी पडला तिथेच लावायला सुरुवात केल्यावर ते प्रमाण दहातल्या दोनाच्याही खाली आलं. ती शंभरहून अधिक वर्षांपूर्वीची वस्तू आमच्या स्टोअरमध्ये खिळ्याला लटकतेय. कड्याचं चामडं उंदरांनी खाल्लंय. १०८ मध्ये पाय दोन उशांच्या मध्ये ठेवून, वरून ओढणी बांधून नेतात.

पाचवी. प्लास्टरच्या पट्ट्या संपलेल्या असतात. मेडिकलमधून आणा म्हणतात. लोक आणतात.

तुमच्या बाजूने काय सांगितलं जातं तेही मला माहीत आहे, नोकरी तुमच्याकडेच केली. म्हणतात, केसेस कमी आहेत, चार ऑपरेशनांसाठी अख्खी टीम पाठवणं परवडत नाही. महाराज, शस्त्रक्रिया बंद ठेवल्यावर केसेस वाढतील कशा? रजिस्टरमध्ये रेफरचा रकाना मोजा, मग केसेसचा आकडा मिळेल. दुसरं म्हणतात, की जनआरोग्य योजना सर्वांसाठी झाली, २०२३ मध्ये तिची मर्यादा दीड लाखावरून पाच लाख करायचं ठरलं, मग नाशिकच्या खासगी दवाखान्यात फुकट होतं की. होतं, मान्य. योजनेबद्दल माझं मत वाईट नाही, तिच्यामुळे अनेकांची जमीन गहाण पडायची वाचली. पण योजना ऑपरेशनचा खर्च देते. सोबतच्या माणसाचा आठ दिवसांचा बुडालेला रोज देत नाही. नाशिकच्या मुंबई नाक्यावर वडापाव खाऊन काढलेले दिवस देत नाही. टाके काढायला, एक्स-रे दाखवायला, पुन्हा दाखवायला अशा पाच फेऱ्या देत नाही. आमच्याकडे निम्मे लोक तिसऱ्या फेरीनंतर जात नाहीत आणि प्लास्टर घरी कोयत्याने कापतात. मला ते बाजारात भेटतात, म्हणून सांगतो.

आणि कायद्याचं. ८ जुलै १९९२ ला पश्चिम बंगालमध्ये हकीम शेख नावाचा शेतमजूर मथुरापूर स्टेशनात रेल्वेतून पडला. डोक्याला मार. एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्यात असा तो कोलकात्यापर्यंत फिरला. कुठे सोय नाही, कुठे खाट नाही. शेवटी खासगीत भरती झाला. त्याच्या संघटनेने, पश्चिम बंगाल खेतमजूर समितीने, दावा लावला. ६ मे १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सरकारी रुग्णालयाने वेळेत उपचार न देणं म्हणजे घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. २५,००० रुपये भरपाई दिली. पैसे नाहीत ही सबब सरकारला सांगता येणार नाही, असंही म्हटलं. जिल्हा आणि उपविभागीय पातळीवरची रुग्णालयं सुधारा, कुठे खाट रिकामी आहे ते लगेच कळेल अशी संपर्काची व्यवस्था उभी करा, असंही सुचवलं. त्याला आता मोठा काळ लोटला. अक्काच्या वेळी त्या संपर्काच्या व्यवस्थेचं काम मी माझ्या मोबाइलवरून करत होतो. माझ्या ओळखीचा एक जुना वॉर्डबॉय नाशिकला आहे, त्याला फोन लावून विचारलं, ‘खाट आहे का रे?’

नाशिकचं नाव घेतो तर एक आठवण सांगायलाच हवी. २००३ च्या सिंहस्थात, २७ ऑगस्टला, पंचवटीत सरदार चौकाच्या उतारावर चेंगराचेंगरी झाली. ३९ माणसं गेली. तेव्हा माझी नेमणूक शहरात होती. गर्दीत माणूस मरतो तो बहुधा छातीवर दाब येऊन, श्वास कोंडून. जे वाचून आले त्यांच्या बरगड्या, घोटे, मनगटं आम्ही रात्री उशिरापर्यंत बांधत होतो. नंतर बरंच सुधारलं, २०१५ चा कुंभ त्या मानाने सुखरूप पार पडला. आता पुन्हा सिंहस्थ आहे, २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात पर्वस्नानं. त्या दिवसांत शहरातल्या खाटा यात्रेकरूंसाठी राखून ठेवाव्या लागणार, हे सरळ आहे, आणि ते योग्यच आहे. मग ‘नाशिक येथे जावे’ हा कागद त्या दोन महिन्यांत कुणी वाचायचा? आमच्याकडे तेव्हा ऐन पाऊस असतो. भाताची आवणी उरकलेली असते, बांध निसरडे असतात आणि अंगणात शेवाळ असतं.

आपल्या जिल्ह्याला अपघात नवे नाहीत. २८ जानेवारी २०२० ला देवळा तालुक्यात मेशी फाट्याजवळ एसटी आणि रिक्षा विहिरीत पडून २६ जण गेले. ८ ऑक्टोबर २०२२ ला नाशिक शहरात पहाटे बस पेटली, १२ जण गेले. तेव्हा सगळे धावून आले, मदत जाहीर झाली. एकेकटं मोडलेलं हाड मात्र बातमीत येत नाही. राज्यभरच्या डॉक्टरांच्या परीक्षा घेणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच नाशकात, म्हसरूळला आहे. तिथून ८० किलोमीटरवर शुक्रवारी संध्याकाळी पाचनंतर हाडाचा फोटो निघत नाही.

मागण्या लिहितो. नव्या इमारतीची मागणी यात नाही. इमारत आहे, चांगली आहे, फक्त गळते.

१) दारावरचा कागद काढा आणि मंगळवार सुरू करा. हाडांचे डॉक्टर आणि भूल देणारे डॉक्टर आठवड्यातून एक दिवस ठरावीक येतील, असा सही-तारखेचा आदेश काढा. एखाद्या मंगळवारी येणार नसतील तर आदल्या दिवशी फळ्यावर लिहा. पंचवीस किलोमीटरवरून उपाशीपोटी आलेला माणूस दुपारी बाराला परत जातो.

२) एक्स-रे चोवीस तास. दोन माणसं नेमा, किंवा एकाला तरी आवारातल्या क्वार्टरमध्ये ठेवा. क्वार्टर रिकामं आहे, आत सध्या खुर्च्या ठेवल्यात. सी-आर्म चालवणाऱ्याचं कंत्राट त्याच आदेशात उरकून टाका.

३) रेफरसाठी छापील कागद करा. त्यावर पडल्याची वेळ, नाडी, बोटांची हालचाल आणि संवेदना, जखम उघडी की बंद, जंतुनाशक आणि धनुर्वाताचं इंजेक्शन किती वाजता दिलं, आधार कशाचा बांधला, आणि नाशिकला कोणत्या डॉक्टरांशी किती वाजता बोलणं झालं, एवढे रकाने असावेत. रकाने भरल्याशिवाय गाडी हलू नये असं मी म्हणणार नाही, पेशंट आधी. पण महिन्याच्या शेवटी कुणीतरी ते कागद तपासावेत.

४) खुबा मोडलेल्या साठीच्या पुढच्या माणसाची वेगळी नोंद ठेवा. नाशिकला पोचल्यापासून ४८ तासांत ऑपरेशन झालं की नाही, एवढा एकच रकाना. नाही झालं तर कारण. योजनेची मंजुरी, फिटनेस आणि रॉडची मागणी या तीन गोष्टी एकामागून एक न करता पहिल्याच दिवशी एकदम सुरू केल्या तर यातले तीन दिवस वाचतात. हे मी सहा दिवस कॉटशेजारी बसून मोजलंय.

५) चार थॉमस स्प्लिंट, वेगवेगळ्या मापांच्या. प्लास्टरच्या पट्ट्या. एवढ्यासाठी निविदा काढावी लागत असेल तर सांगा, आम्ही गावात वर्गणी काढतो आणि देणगी म्हणून पावती घेतो.

६) तालुक्यातल्या हाडवैद्यांना वर्षातून दोनदा बोलवा. पोलीस घेऊन नव्हे, चहा सांगून. त्यांना तीनच गोष्टी शिकवा. बोटं पांढरी किंवा गार पडली की बांधलेलं लगेच सोडायचं. हाड बाहेर दिसलं की हात लावायचा नाही, स्वच्छ फडकं टाकून पाठवायचं. आणि लहान मुलाच्या कोपराला ओढायचं नाही. त्यातले दोघं-तिघं माझ्या ओळखीचे आहेत. येतो म्हणालेत.

प्लास्टर करायला शिकलेला माणूस सध्या रुग्णालयात नाही, ते काम वॉर्डबॉय बघून-बघून करतो. परवा त्याने एका बाईच्या मनगटाचं प्लास्टर बोटांच्या पेरांपर्यंत आणलं, तिची मूठ वळेना. त्याची चूक नाही, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी ते सोडवून पुन्हा घातलं, ओपीडीच्या बाकावर बसून. हे नियमात बसत नसेल तर त्याचीही नोंद घ्या. मंगळवार सुरू होईपर्यंत मी रोज दहा ते एक यायला तयार आहे. पगार नको, फक्त त्या पोराला माझ्याजवळ उभं राहू द्या. सहा महिन्यांत तो शिकेल, हात चांगला आहे त्याचा.

कळावे.

आपला,
निवृत्त प्लास्टर टेक्निशियन,
नाशिक जिल्हा